सोलापूरच्या हवेत रुई आणि तिच्या कुळातली देशी झाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात रुई मुद्दाम लावावी लागत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. मुरमाड माळावर, रुळांच्या कडेला, पडक्या भिंतींच्या बुडाशी ती आपली आपण उगवते हे खरंच आहे. पण ती दिसली की तोडायची किंवा तणनाशक मारायचं, हीसुद्धा आपल्याकडची जुनी सवय आहे. परसात, गच्चीवर, शाळेच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर फुलपाखरांसाठी रुई राखू आणि लावू पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

अमेरिकेत मोनार्क फुलपाखरांसाठी ‘मिल्कवीड’ लावतात. तेच बी मागवून इथे लावावं का?

नको. त्या झाडांची प्रजाती (जीनस) अस्क्लेपिअस. ती मूळची अमेरिकेची आणि मोनार्कही तिकडचंच. आपल्याकडे त्या जागी रुई आहे, आणि मोनार्कचा जवळचा नातेवाईक असलेलं प्लेन टायगर, म्हणजेच बिबळ्या कडवा, हे फुलपाखरू आहे. दोघंही डॅनॉस या एकाच प्रजातीतले. प्लेन टायगरच्या अळीला लागणारं झाड इथल्या मातीत, इथल्या उन्हात आधीपासून उभं आहे. परदेशी बियाण्याची गरज नाही.

बागेत ‘हळदीकुंकू’ नावाचं लाल-पिवळ्या फुलांचं झाड आहे. ते याच कुळातलं ना?

हो. ते अस्क्लेपिअस कुरासाविका, मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं. प्लेन टायगर त्यावर अंडी घालतं, अळ्याही नीट वाढतात, म्हणून नर्सरीवाले ते ‘फुलपाखरांचं झाड’ म्हणून देतात. तरी नव्याने लावू नये असा आमचा सल्ला आहे. त्याचं बी वाऱ्यावर उडून ओढ्या-पाटांच्या ओलीत रुजतं आणि पसरतं. आधीच लावलेलं असेल तर उपटायची घाई नको, आधी रुई वाढू द्या. तोवर त्याच्या शेंगा पिकून उलायच्या आत काढत राहा.

रुईवर नेमकी कोणती फुलपाखरं वाढतात?

मुख्य म्हणजे प्लेन टायगर. तांबूस-नारिंगी पंख, पुढच्या पंखांच्या टोकाला काळा भाग आणि त्यात पांढरा पट्टा. सोलापुरात ते बाराही महिने दिसतं. कडक उन्हाळ्यात कमी होतं आणि पावसाला सुरुवात झाली की वाढत जाऊन ऑगस्ट ते नोव्हेंबर भरपूर असतं.

त्याची बाकीची भावंडं प्रामुख्याने याच कुळातल्या वेली निवडतात. ब्लू टायगरला हिरणदोडी लागते. कॉमन क्रो अनंतमूळ, कण्हेर आणि उंबरावर वाढतं. स्ट्राइप्ड टायगरला कंदीलपुष्पासारख्या वेली लागतात. म्हणजे नुसती रुई लावून चारही प्रकार येतील अशी अपेक्षा ठेवू नका. कुंपणावर एखादी हिरणदोडी चढवली तर बागेचा उपयोग दुप्पट होतो.

प्लेन टायगरसारखंच दिसणारं आणखी एक फुलपाखरू आहे, डॅनेड एगफ्लायची मादी. रुईच्या चिकातली कडू विषारी द्रव्यं अळी अंगात साठवते, ती पुढे फुलपाखरातही राहतात, म्हणून पक्षी प्लेन टायगरच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायच्या अंगात असं विष नसतं, पण रंग तोच असल्यामुळे तीही वाचते. तिच्या अळ्या घोळीच्या भाजीवर वाढतात. परसात घोळ उगवली तर थोडी राहू द्या.

आमच्याकडे रुईचे दोन प्रकार दिसतात. कोणता लावायचा?

दोन्ही देशी आहेत आणि अळीला दोन्ही चालतात. फुलात बघा. पाकळ्या पसरलेल्या, टोकं मागे वळलेली आणि रंग फिकट जांभळा असेल तर ती मोठी रुई, कॅलोट्रॉपिस जायगॅन्टिया. हिचीच पांढऱ्या फुलांची रोपं पूजेसाठी ‘श्वेत मांदार’ म्हणून विकली जातात. पाकळ्या उभ्या, पांढऱ्या आणि टोकाला गडद जांभळ्या असतील तर ती कॅलोट्रॉपिस प्रोसेरा. कोरड्या माळावर ही जास्त टिकते.

तुमच्या वाडीत, रस्त्याकडेला जी आपोआप उगवली आहे, तिचंच बी घ्या. फक्त पांढऱ्या फुलांसाठी जादा पैसे मोजून रोप आणायचं कारण नाही. अळी फुलाचा रंग बघत नाही.

बी कधी आणि कसं गोळा करायचं?

सोलापुरात बोंडं साधारण फेब्रुवारी ते मे दरम्यान पिकतात. हिरवं बोंड तोडून उपयोग नाही, आतलं बी कच्चं, पांढरं असतं. बोंड पिवळसर-करडं होऊन शिवणीवर उलायला लागलं की तोडायचं. पण तेवढ्यात वारा सुटला तर सगळी म्हातारी उडून जाते. म्हणून बोंड पक्कं दिसू लागलं की त्यावर जुन्या साडीचा किंवा मच्छरदाणीचा तुकडा बांधून ठेवा.

बोंड घरी आणल्यावर पूर्ण उघडू नका. फट जराशी रुंद करा, आतली रेशमी दांडी टोकाला घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी चपट्या तपकिरी बिया खाली ओढून काढा. रेशीम हातातच राहतं, घरभर उडत नाही.

बोंडावर तपकिरी खड्डे किंवा बारीक भोकं दिसली तर ते चिरून बघा. फळमाशीच्या पांढुरक्या अळ्या आत असतील आणि बिया काळ्या, गोळा झालेल्या असतील तर त्या रुजणार नाहीत. दुसरं बोंड शोधा. त्यासाठी झाडावर औषध मारू नका, ती माशीही रुईचीच आहे.

बी कागदी पाकिटात, सावलीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. शक्यतो त्याच पावसाळ्यात पेरा, ताजं बी चांगलं उगवतं.

रोपं कशी तयार करायची?

मे अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात. ६ बाय ९ इंचाची काळी पिशवी घ्या, खाली भोकं पाडलेली. त्यापेक्षा लहान पिशवी नको, कारण रुईचं सोटमूळ फार लवकर खोल जातं आणि बुडाला वेटोळं घेतं. असं वेटोळं झालेलं रोप जमिनीत लावलं तरी पुढच्या उन्हाळ्यात बसतं.

मिश्रण असं: दोन भाग मुरूम किंवा हलकी माती, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती भरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि आवळते. प्रत्येक पिशवीत दोन बिया, अर्धा सेंटिमीटर खोल. बी भिजवायची, खरवडायची गरज नाही. आठवडा ते दोन आठवड्यांत उगवतं. दोन्ही उगवल्या तर अशक्त रोप कात्रीने कापा. उपटलं तर दुसऱ्याचं मूळ हलतं.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती पाण्याने. रोज पाणी घातलं की बुंधा जमिनीलगत काळा पडून रोप आडवं होतं. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. पिशव्या पहिल्यापासून उन्हातच ठेवा, सावलीतलं रोप लांबट आणि लेचंपेचं होतं.

चार ते सहा पानं आली की जमिनीत लावा. रोप मोठं व्हायची वाट बघण्यात काहीच फायदा नाही.

काडी लावून येते का?

येते, पण सगळ्या काड्या लागत नाहीत, म्हणून हव्या त्याच्या दुप्पट लावा. अंगठ्याएवढ्या जाडीची, पक्व पण फार जून नसलेली फांदी, २० ते २५ सेंटिमीटर लांब. खालचा काप तिरका, वरचा आडवा, म्हणजे उलटी लावायची चूक होत नाही. कापल्यावर चीक वाहतो. काड्या एक-दोन दिवस सावलीत आडव्या ठेवून काप सुकू द्या आणि मग वाळू-मुरमात अर्ध्यापर्यंत खोचा. ओल्या कापानिशी लावलेली काडी बहुतेक वेळा कुजते. पालवी फुटली म्हणून लगेच हलवू नका. साठ्यावरची पालवी आधी येते, मुळं नंतर.

रस्त्याकडेचं मोठं झाड उपटून आणलं तर?

जगत नाही. सोटमूळ तुटतंच. झाड तोडलं जाणार हे नक्की असेल तर त्याच्या काड्या आणि बोंडं घेऊन या.

जागा कशी हवी? आमची जमीन काळी आहे.

पूर्ण ऊन हवं, दिवसातून निदान सहा तास. मुरमाड, चुनखडी, दगडगोटे सगळं चालतं. भीमा-सीनेच्या काठची खोल काळी जमीन असेल तर मात्र थोडं काम आहे. सोलापुरात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कमीच, पण त्याचा जोर सप्टेंबरात असतो. तेव्हा काळ्या जमिनीत आठवडाभर पाणी तुंबतं. रुईची मुळं दुष्काळ सोसतात, तुंबलेलं पाणी सोसत नाहीत. पानं खालून पिवळी पडत गळू लागली आणि माती ओली असेल, तर हेच कारण समजा. अशा वेळी खत किंवा आणखी पाणी दिलं तर झाड लवकर मरतं.

उपाय सोपा आहे. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, निघालेल्या मातीत निम्मा मुरूम मिसळून परत भरा आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ढीग करून त्याच्या माथ्यावर रोप लावा. काळ्या जमिनीत आळं करायचं नाही. मुरमाड जमिनीत उलट, उथळ आळं करा.

दोन झाडांत दीड ते दोन मीटर अंतर. भिंतीपासून एक मीटर तरी लांब, आणि पाण्याच्या पाइपवर किंवा ड्रेनेजच्या चेंबरलगत नको.

शहरात नळाला रोज पाणी येत नाही. निभेल का?

निभेल, म्हणूनच रुई लावायची. पहिल्या उन्हाळ्यात दर चार-पाच दिवसांनी पाच लिटर पुरतं. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं, बोअरचं मचूळ पाणीही चालतं. साबणाचं नको. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाला पाणी घालायची गरज नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये कोवळी पालवी हवी असेल तर पंधरवड्याला एक बादली द्या. बाकी सगळं वाळलेलं असताना त्या पालवीवर अंडी हमखास दिसतात.

गच्चीवर कुंडीत जमेल का?

जमेल, मर्यादेत. किमान १८ इंची कुंडी किंवा अर्धा कापलेला, बुडाला पाच-सहा भोकं पाडलेला प्लास्टिकचा ड्रम. झाड कंबरेएवढंच राहील आणि एका वेळी तीन-चार अळ्याच पोसू शकेल. म्हणून एकटी कुंडी ठेवू नका, निदान तीन ठेवा. मेमध्ये स्लॅब तापून कुंडीच्या तळाची मुळं भाजतात. कुंडी विटांवर उचलून ठेवा आणि पश्चिमेच्या बाजूला गोणपाट बांधा.

चीक किती धोकादायक आहे?

गंभीरपणे घ्या. कातडीवर काहींना आग होते, फोड येतात. डोळ्यात गेला तर फार वाईट. सुरुवातीला फारसं दुखतही नाही, त्यामुळे माणूस दुर्लक्ष करतो. काही तासांत डोळ्यापुढे धुकं येतं, कारण चिकामुळे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला सूज येते.

डोळ्यात चीक गेला तर लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, दुखत नसलं तरी. दूध, मध, तूप, कुठलेही घरचे थेंब घालू नका.

छाटणी करताना रबरी हातमोजे, साधा चष्मा किंवा गॉगल, पूर्ण बाह्या. फांदी डोक्याच्या वर असेल तर आधी खाली वाकवून घ्या, वर बघत कापू नका. काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळे चोळायचे नाहीत. अळी बघायला येणाऱ्या मुलांना हा एक नियम आधी सांगा. बालवाडीच्या आवारात रुई लावूच नये, मोठ्या मुलांच्या शाळेत कुंपणाच्या आत एका कडेला लावावी.

रुई घरासमोर लावू नये असं जुनी माणसं म्हणतात. दारालगत, जाण्यायेण्याच्या वाटेवर नको, हे आम्हीही म्हणू, कारण चीक. परसात, मागच्या कुंपणाला लावा.

छाटणी कधी?

कोवळी पालवी सतत मिळत राहावी हाच छाटणीचा हेतू. जूनच्या पहिल्या पावसानंतर झाड एक-दीड फुटावर कापा. तीन-चार आठवड्यांत बुंध्यातून दाट फुटवा येतो आणि नेमका तेव्हाच माद्यांचा राबता वाढतो. सगळी झाडं एकाच वेळी कापू नका. निम्मी जूनमध्ये, उरलेली ऑगस्टच्या सुरुवातीला, म्हणजे फुलं आणि पालवी दोन्ही चालू राहतात.

कापण्याआधी प्रत्येक फांदीची पानं उलटून बघा. अंडी बहुधा पानाच्या खालच्या बाजूला एकेकटी असतात, फिकट, उभट, जेमतेम मिलिमीटरभर. अळी असलेली फांदी कापावी लागलीच तर ती दुसऱ्या उभ्या झाडाच्या फांद्यांत अडकवून ठेवा. पान सुकायला लागलं की अळी आपण होऊन ताज्या पानावर जाते.

शनिवारी मारुतीला रुईची माळ घालतो. पानं तोडली तर अळ्यांचं नुकसान होतं का?

पानं बघून तोडली तर होत नाही. शेंड्याकडची कोवळी पानं सोडा, मधली जून पानं घ्या. तसंही माळेला तीच जास्त टिकतात. प्रत्येक पान तोडण्याआधी उलटायचं, एवढंच. रथसप्तमीला लागणाऱ्या पानांचंही तेच. बाजारातून माळा आणत असाल तर विक्रेत्यालाही ही गोष्ट सांगा, बऱ्याच जणांना अंडी कशी दिसतात हे ठाऊकच नसतं.

सगळी पानं कुरतडली गेली. आता काय करू?

काहीच नाही. झाड ज्यासाठी लावलं ते होतंय. रुई पूर्ण नागवी झाली तरी पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत पुन्हा पालवते.

अळी ओळखायची खूण: अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, मध्ये पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. सकाळी जरा थांबून बघा. मोठी अळी पान खायच्या आधी देठाजवळची मधली शीर चावून ठेवते. तिथे चिकाचा पांढरा थेंब जमतो, पान खाली लोंबतं, आणि मग ती पुढच्या भागावर जाऊन खायला लागते, जिथे आता चीक पोचत नाही. चिकाने तोंड चिकटू नये म्हणून ही सोय. लोंबणारं पान दिसलं की त्यावर अळी असणारच.

उन्हाळी-पावसाळी हवेत अंडं तीन-चार दिवस, अळी दोन आठवड्यांच्या आसपास, कोष आठवडा ते दहा दिवस. थंडीत सगळंच लांबतं. जवळपास सगळं खाणं अळी शेवटच्या चार-पाच दिवसांत खाते, म्हणून परवापर्यंत हिरवं असलेलं झाड अचानक ओकंबोकं दिसतं. मग अळ्या नाहीशा होतात. त्या मेलेल्या नसतात, कोष करायला आडोशाला गेलेल्या असतात. बाजूच्या झाडात, कुंपणाच्या तारेवर, खिडकीच्या चौकटीखाली शोधा. हिरवा किंवा गुलाबीसर कोष, त्यावर सोनेरी ठिपके.

शेंड्यांवर पिवळा मावा झाला आहे. निंबोळी अर्क मारू का?

नका. निंबोळी अर्काने अळ्याही मरतात. दशपर्णी अर्क, साबणाचं पाणी, बीटी (जिवाणूपासून बनवलेली फवारणीची पावडर), सगळ्यांचं तेच. ‘सेंद्रिय’ आहे म्हणून अळीला निर्धोक असतं असं नाही. बीटी तर खास अळ्यांसाठीच बनवलेली आहे.

हा पिवळा मावा रुई-कण्हेरीच्या कुळावरच राहतो. तो तुमच्या ज्वारीवर किंवा डाळिंबावर जाणार नाही. फार झाला तर फांदीवर अंडी-अळ्या नाहीत हे बघून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा, किंवा शेंडाच खुडून टाका. थोडा राहू द्या, त्यावर लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या येतात, आणि त्या पुढे शेतातल्या माव्यावरही कामाला येतात.

निळे-पिवळे मोठे नाकतोडे पानं फस्त करतात.

तो रुईवरचा रंगीत नाकतोडा. पावसाळ्यात पिल्लं झुंडीने दिसतात आणि छोटं रोप दोन दिवसांत संपवतात. मोठ्या झाडाला त्याने काही होत नाही. रोप लहान असेल तर पहिल्या पावसाळ्यात त्यावर मच्छरदाणीची जाळी घाला, बुंध्यापाशी बांधून. जाळी काढल्यावरच माद्या अंडी घालतील, हेही लक्षात ठेवा. नाकतोडे हातमोजे घालून पकडता येतात, पण ते डिवचल्यावर दुर्गंधी द्रव सोडतात. भाजीपाल्याचा वाफा रुईच्या अगदी शेजारी ठेवू नका, झाड संपलं की ते तिकडे वळू शकतात.

नर्सरीतून आणलेल्या झाडावर अळ्या दोन दिवसांत मेल्या. का?

बहुधा झाडाला आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं होतं. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळांतून पानात जातं आणि धुऊन निघत नाही. अशी अळी आखडते, हिरवं पाणी ओकते आणि खाली पडते. फुलांतल्या मकरंदातही ते औषध उतरतं, म्हणजे माश्यांनाही बाधतं. विकत घेताना स्पष्ट विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर स्वतः बी लावा. आणलंच असेल तर जुनी पानं पूर्ण छाटा आणि दोन-तीन फुटव्यांपर्यंत झाड जाळीखाली ठेवा.

अळ्या मरायची नैसर्गिक कारणंही आहेत. कोषातून पांढरट धागे लोंबत असतील तर परजीवी माशीच्या अळ्या त्यातून बाहेर पडल्या आहेत. अळीजवळ पांढऱ्या बारीक कोषांचा पुंजका दिसला तर तो गांधीलमाशीच्या कुळातल्या छोट्या परजीवीचा. कोष शेवटच्या दिवशी काळपट दिसतो आणि आतून पंखांचा नारिंगी रंग झळकतो, ते ठीक आहे. नुसता काळा, मऊ, पाणी सुटलेला कोष असेल तर तो रोगाने मेलेला. तो काढून पुरा.

अंडी-अळ्या घरात आणून डब्यात वाढवाव्यात का?

मुलांना दाखवण्यासाठी एखादी आणायला हरकत नाही. पण डब्यात दाटीवाटीने वाढवू नका, ओल आणि लेंड्यांमुळे रोग पसरतो. बाहेरची झाडं वाढवणं जास्त मोलाचं.

रुईच्या फुलांवर फुलपाखरांपेक्षा काळे भुंगेच जास्त दिसतात. ते काय करतात?

परागीभवनाचं खरं काम तेच करतात. रुईचे परागकण पुडीत बांधलेले असतात, सुटे उडत नाहीत. फुलाच्या मध्यभागी पाच कोनांचा खांब असतो आणि त्यावर पाच बारीक खाचा. भुंगा मकरंदासाठी पाय रोवतो, पाय खाचेत घसरतो, आणि तो ओढून काढताना एका काळ्या चिमट्याला लटकलेल्या दोन पिवळ्या पुड्या पायाला अडकून येतात. दुसऱ्या फुलावर ती पुडी नेमकी खाचेत बसली तरच बोंड धरतं. म्हणून झुबके भरभरून फुलतात आणि बोंडं मोजकीच लागतात. लहान माश्यांना एवढा जोर नसतो, काही वेळा त्या तिथेच अडकून मरतात.

हे भुंगे वाळक्या लाकडात भोकं पाडून घर करतात. परसातला एखादा वाळलेला ओंडका, मांडवाचा जुना वासा, जाड बांबू भिंतीच्या आडोशाला ठेवून द्या. मादी उगाच चावत नाही. कोपऱ्यातली हातभर जमीन पालापाचोळा न घालता उघडी ठेवा, कारण एकट्या राहणाऱ्या अनेक माश्या जमिनीत बिळं करतात.

रुईसोबत आणखी काय लावावं?

निरगुडी, कुंभा, काटेकोरांटी, तरवड, तुळस. शेंगांसाठी लावलेला शेवगा, कुंपणातली बोर आणि बांधावरचा कडुनिंब माश्यांना भरपूर देतात. कोथिंबीर आणि बडीशेपेचे चार गड्डे फुलावर जाऊ द्या. घाणेरी मात्र फुलपाखरं येतात म्हणून लावू नका, ती माळ गिळते.

खुळखुळा आणि भुरुंडी या दोन तणांना जरूर जागा द्या. टायगर आणि क्रोचे नर त्यांच्या वाळक्या फांद्या, शेंगा खरवडून त्यातली अल्कलॉइडं घेतात आणि मादीला आकर्षित करणारा गंध त्यातून बनवतात. हिरवळीच्या खतासाठी ताग करणाऱ्यांच्या शेतातही हे दृश्य दिसतं. तागाची एक ओळ न गाडता बांधाकडेला उभी ठेवली तर उत्तम.

वेली कोणत्या?

हिरणदोडी आणि उतरण. उतरण जिल्ह्यातल्या कुंपणांवर सर्रास असते, काटेरी जोडशेंगांवरून ओळखा. दोन्ही बियांपासून येतात, पेरणीची रीत रुईसारखीच. हिरणदोडी जोरात वाढते, तिला मजबूत आधार द्या, डाळिंबावर किंवा आंब्यावर चढू देऊ नका.

डाळिंबाची बाग आहे. बांधावर रुई ठेवली तर कीड वाढेल का?

रुईचा मावा डाळिंबावर येत नाही, हे वर सांगितलं. पिठ्या ढेकूण मात्र अनेक झाडांवर राहतो आणि रुईवरही दिसतो, म्हणून बागेच्या अगदी कडेला नको. दहा मीटरभर सोडून, वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या बांधावर ठेवा, म्हणजे बागेतल्या फवारणीचे तुषारही तिच्यावर येणार नाहीत. बहार धरलेला असताना फवारणी लागलीच तर सूर्य मावळल्यावर करा. दिवसा माश्या फुलांवर असतात, आणि डाळिंबाची फळधारणाही त्यांच्यामुळे वाढते. बांध साफ करताना तणनाशकाऐवजी विळा वापरा. विळ्याने कापलेली रुई परत फुटते.

जनावरांना धोका?

उभ्या रुईला गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. धोका असतो तो कापून वाळलेली पानं कडब्यात मिसळली गेल्यावर. छाटलेला पाला गोठ्यापासून दूर, खड्ड्यात टाका. तो लवकर कुजतो आणि खतही चांगलं होतं.

किमान किती झाडं हवीत?

तीन. एकाच झाडावर अळ्या आल्या तर कोषापर्यंत पोचायच्या आत पानं संपतात आणि अळ्या उपाशी फिरतात. पाच-सहा असतील तर आलटून-पालटून छाटणी करता येते. जागा नसेल तर शेजाऱ्यांशी बोलून गल्लीच्या मोकळ्या प्लॉटमध्ये उगवलेली रुई राखा. लावण्याइतकंच ते कामाचं आहे, आणि झाडं आधीच मोठी असल्यामुळे त्याच महिन्यात अंडी दिसतात.

माळावरून कंदीलपुष्प किंवा माकडशिंग आणून लावू का?

नाही. ही रुईच्याच कुळातली झाडं, पण हळू वाढणारी आणि ठरावीक माळांवरच उरलेली. उपटल्यावर कुंडीत बहुतेक मरतात आणि तिथला माळही तेवढ्याने रिकामा होतो. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातून तर बी, काडी, अळी काहीच उचलायचं नाही, कायद्याने मनाई आहे. फोटो काढा, पानावर अळी आहे का बघा, आणि झाड होतं तिथेच राहू द्या.